प्रदर्शनें आणि उद्योगवृद्धि

१८५१ सालीं लंडन येथें भरलेल्या प्रचंड प्रदर्शनांत हिंदुस्थानच्या कारागिरीची तोंड भरून स्तुति झाली. परंतु त्या स्तुतीनें आमच्या विणकरांचे माग थांबावयाचे राहिले नाहींत. पुढें १८९० सालीं पुण्याच्या औद्योगिक परिषदेंत न्यायमूर्ति रानडे यांनीं उद्योगधंद्यांचा प्रश्न लोकांपुढें मांडला, आणि १९०१ पासून राष्ट्रसभेच्या अधिवेशनास जोडूनहि प्रदर्शनें भरूं लागलीं. १९०२ सालचें अहमदाबादचें प्रदर्शन श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हस्तें उघडलें. या खटपटींनीं स्वदेशी मालाविषयीं आस्था उत्पन्न झाली, हें निर्विवाद आहे. परंतु पाहणाऱ्याची आस्था आणि करणाऱ्याची भाकरी यांत मोठें अंतर असतें.

तें अंतर कसें तुटतें, याचा दाखला सातारा-सांगलीच्या मुलखांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांनीं प्रथम नाकारला. लोखंडानें जमीन विषारी होते, असा त्यांचा समज होता. हा समज मंडपांतील शोभेनें गेला नाहीं. नांगर शेतांत चालला तेव्हां गेला. बेळगांव सोडावें लागलें त्या वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांनीं जमीन दिली, म्हणूनच १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं कांचकारखाना काढला व त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. तो कारखाना बंद पडून आज बराच काळ लोटला आहे. नांवलौकिक एकदां मिळाला म्हणजे धंदा कायमचा तरला, असें नव्हे.

मिरजेकडे पाहा. हत्यारांची मागणी खालावली तेव्हां तेथील शिकलगार सतार-तंबोरे करूं लागले. २०२४ सालीं त्या वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. सांगलीच्या हळदीस तें २०१८ सालींच मिळालें होतें. सन्मान योग्य आहे. परंतु मानपत्र भिंतीवर टांगून कारागिराचा मुलगा बापाच्या बैठकीवर बसत नाहीं. त्यास आगाऊ रक्कम, चांगलें लांकूड आणि वेळेवर दाम पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रदर्शन भरविणारांनीं कारागिरास जागा विनाभाडें द्यावी, मालावर विकणाराबरोबर करणाराचेंहि नांव घालावें, व माल कसा होतो तें प्रत्यक्ष दाखवावें. व्यापारी मंडळींनीं केवळ वाहवा न करितां विसार देऊन मागण्या नोंदवाव्या. वर्षअखेर किती मागण्या पुऱ्या झाल्या, याचा हिशेब चिटणिसांनीं जाहीर करावा. पदकांची यादी आपण आवडीनें वाचतों; हा हिशेब वाचण्याची संवय लागेल, तेव्हांच प्रदर्शन ही जत्रा न राहतां पेठ होईल. आणि ज्या सुशिक्षित घरांत हात काळे करणें अजून कमीपणाचें वाटतें, तेथील मुलांनाहि त्या पेठेंत बरेंच शिकतां येईल.