हिरव्या दिव्यासाठी मराठी वाकवू नका

५ जानेवारी २०१८. त्या दिवशी टोकियो परिसरात असाल तर तुम्हाला आठवत असेल. सकाळी अकराच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम ओरडू लागले : जोराचा धक्का येतोय, सावध व्हा! आणि तो जोराचा धक्का आलाच नाही. जपानच्या हवामान संस्थेने नंतर कारण सांगितले. इबाराकीच्या किनाऱ्याजवळ एक आणि दूर तोयामात एक, असे दोन छोटे भूकंप जवळजवळ एकाच वेळी झाले होते. यंत्रणेने ते दोन्ही मिळून एकच भूकंप धरला आणि त्यावर हिशेब केला.

त्यानंतर कोणी यंत्रणा मोडीत काढली नाही. 'यंत्र म्हणाले म्हणजे खरेच' असेही कोणी म्हटले नाही. यंत्राने नेमके काय मोजले आणि कुठे फसले, हे शोधले गेले.

आता समजा, याच घटनेवर तुम्ही मराठीत लेख लिहिलात. लेख गूगलवर सापडावा म्हणून तुमच्या साइटवर एसईओचे साधन बसवलेले आहे. मुख्य शब्द म्हणून तुम्ही 'भूकंप इशारा' दिलात आणि समोर लाल दिव्यांची रांग लागली. मुख्य शब्द लेखात नाही. पत्ता फार लांब आहे. लेख फार छोटा आहे. लेख दोनदा वाचूनही तुम्हाला चूक सापडत नाही. मग शेवटी कंटाळून तुम्ही वाक्ये तोडायला आणि शब्द कोंबायला लागता.

थांबा. आधी तो दिवा तपासा.

'मुख्य शब्द नाही' हा पहिला इशारा घ्या. तुमच्या लेखात 'इशाऱ्याचा', 'इशाऱ्यामुळे', 'इशारे' असे शब्द पानोपानी असतील, पण साधन शोधते आहे 'इशारा'. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे सामान्यरूप होते, हे आपण शाळेत शिकलो. साधनाला ते कोणी शिकवलेले नाही. ते फक्त अक्षरे जुळवते. 'मला दिसले नाही' एवढेच त्याला म्हणायचे असते, आणि आपण ते 'लेखात नाही' असे वाचतो.

पत्त्याचे गणित तर अगदी सरळ आहे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाचे नऊ होतात. 'इशारा' दिसायला तीन अक्षरी, पण काने धरून चिन्हे पाच, म्हणजे पत्त्यात ४५. 'भूकंप'चेही तेवढेच. मधली आडवी रेघ धरली की दोन शब्दांत ९१ चिन्हे झाली! कांजीचेही असेच आहे, एका कांजीची पत्त्यात नऊ चिन्हे होतात.

लेख छोटा असल्याची तक्रारही तशीच. 'टोकियोतल्या घरांपर्यंत' हे आपले दोन शब्द; इंग्रजीत याच गोष्टीला सहाएक शब्द लागतात. त्यामुळे ३०० शब्दांची इंग्रजी पट्टी मराठीला लावली की लेख उगीचच आखूड दिसतो. जपानीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. जागा मोजून शब्द ठरवणारे साधन जपानीचे अख्खे वाक्य एक शब्द धरते. आणि लेखाच्या लांबीला कुठलाही जादुई आकडा नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे.

सुबोधतेच्या गुणांची कथा आणखी गमतीची. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले : वाक्यात सरासरी शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती. एखादे साधन हे तुकडे रोमन स्वर मोजून ठरवत असेल, तर देवनागरीत त्याला एकही स्वर सापडणार नाही. वाक्यात सरासरी वीस शब्द आणि शब्दात शून्य तुकडे, हे आकडे सूत्रात घाला. शंभराच्या पट्टीवर १८६ गुण मिळतात! अशा गुणांनी हुरळून जाण्यात अर्थ नाही आणि कमी पडले तर खचण्यातही नाही.

मग करायचे काय? प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आपण आधी माहीत असलेला नमुना देऊन पाहतो. इथेही तेच करा. एक कोरे पान घ्या, त्यात 'इशारा' शब्द जसाच्या तसा लिहा आणि दिवा पाहा. मग तोच शब्द 'इशाऱ्याचा' करा. दिवा बदलला तर दोष उपकरणाचा. वर्णन किंवा शीर्षक नसल्याची तक्रार असेल तर साइटची कॅश साफ करून पुन्हा तपासा. साधन कधीकधी जुनीच प्रत वाचत असते. शेवटी दुसऱ्या उपकरणाची साक्ष काढा : गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता घालून गूगलला ते पान खरोखर कसे दिसते ते पाहा.

मात्र सगळेच इशारे खोटे नसतात. पान शोधयंत्रांपासून लपवणारी 'नोइंडेक्स' खूण चुकून राहिली असेल, दुवे तुटले असतील, चित्रांना वर्णन नसेल, तर लगेच दुरुस्त करा. जपानी साचा वापरून साइट बनवली असेल, तर पानाच्या भाषेची खूण जपानीच राहिलेली नाही ना, तेही पाहा. दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र त्या खुणेवरून आवाज निवडते. माझा नियम साधा आहे. इशारा पानाच्या यंत्रणेबद्दल असेल तर गंभीरपणे घ्यावा, भाषेबद्दल असेल तर आधी साधनाचीच परीक्षा घ्यावी.

एवढा आग्रह कशासाठी? दिव्यांसाठी लिहिण्याचा रस्ता कुठे जातो, ते जपानने पाहिले आहे. डीएनए नावाच्या कंपनीची 'वेल्क' ही आरोग्यविषयक साइट होती. शोधयंत्राला आवडतील असे लांबलचक, शब्द पेरलेले लेख, आणि त्यामुळे शोधात सर्वांत वर. पण वैद्यकीय तपासणी नाही. खांदे आखडण्यामागे भूतबाधा असू शकते, असेही एका लेखात होते. टीकेची झोड उठल्यावर २९ नोव्हेंबर २०१६ रोजी साइटवरचे सगळे लेख काढून घेण्यात आले. शोधयंत्राच्या परीक्षेत पहिला नंबर होता, पण दुखणे घेऊन आलेल्या वाचकाला त्याचा काय उपयोग झाला?

मराठीत विज्ञान लिहिणारे आपण मोजकेच. ओसाकात वाढणारी एखादी मुलगी आजीला भूकंपाबद्दल सांगायला उद्या मराठीत काही शोधेल. तिला आपला लेख सापडायला हवा, हे खरेच. पण सापडल्यावर त्यात तिच्या आजीला कळेल अशी मराठीही हवी. 'भूकंप इशारा भूकंप इशारा' असा जप करणारा हिरवा लेख तिच्या कामाचा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लाल दिवा लागला, तर लेखाला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा : बाबा रे, तू नेमके काय मोजलेस?