घरपट्टी भरली म्हणजे घर नावावर झालं असं नाही

तीन वर्षांपूर्वी गावाहून अब्बांचा फोन आला. "ड्रोन येणार आहे म्हणे. घराच्या चारी बाजूंनी चुना मारायला सांगितलाय." सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, गावठाणातला मोहल्ला आणि त्यात आजोबांनी बांधलेलं दगडमातीचं घर. काही महिन्यांनी दुसरा फोन आला. "चौकशीला बोलावलंय, घराचे कागद आणा म्हणतात. कागद तर आहेतच आपले सगळे."

"सगळे कागद" म्हणजे पत्र्याच्या पेटीत सुतळीनं बांधून ठेवलेल्या घरपट्टीच्या पावत्या. चाळीसेक वर्षांच्या, एकही साल न चुकता. चौकशीला मी सोबत गेलो. अधिकाऱ्यांनी तो गठ्ठा न सोडताच बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "मालक कोण?"

अब्बांनी नमुना ८ चा उतारा पुढे केला. त्यावर मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव होतं. आजोबांना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. शेजारच्या भोगवटादाराच्या रकान्यात तीन नावं होती: अब्बा, चाचा आणि घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी माझी विधवा फुफी. अब्बांना वाटत होतं, नाव आहे ना, मग झालं. खरं सांगतो, मलाही तोपर्यंत तसंच वाटत होतं. इंजिनिअरिंगची पदवी हातात, रोज हजारो ओळींचा कोड वाचतो, पण स्वतःच्या घराचा एक पानी उतारा मी कधी वाचला नव्हता.

वाचायला बसलो तेव्हा पहिला धक्का 'भोगवटादार' या शब्दानं दिला. आमच्या धंद्यात एकाच नावाचे तीन अर्थ तीन फायलींत असले, तर तिथं चूक होणारच असं आम्ही गृहीत धरतो. इथं तसंच आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणजे जमिनीचा खातेदार. वर्ग १ असेल तर ती जमीन तो सहसा मोकळेपणानं विकू शकतो, वर्ग २ असेल तर शासनाच्या अटी असतात आणि विकण्याआधी परवानगी लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर भोगवटादार म्हणजे फक्त तिथं राहणारा, वापर करणारा. आणि बांधकामाच्या संदर्भात भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झालं, आता राहायला हरकत नाही, असा दाखला. शब्द एक, कागद तीन, अधिकार तीन वेगळे.

दुसरा घोळ आकड्याचा. 'आठ अ' आणि 'नमुना आठ' हे आपल्याकडं एकच समजून बोलतात. आठ अ हा तलाठ्याकडचा उतारा (त्या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी). एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, ते त्यात दिसतं. नमुना आठ हे ग्रामपंचायतीचं कर आकारणीचं रजिस्टर. ते कर कोणाकडून घ्यायचा हे सांगतं, मालक कोण हे सिद्ध करत नाही. पावती हा ताब्याचा पुरावा म्हणून कामाला येते, म्हणून ती जपायचीच. पण पावती म्हणजे मालकी नव्हे.

मग गावठाणातल्या घराची मालकी कुठं लिहिलेली असते? बऱ्याच गावांत ती कुठंच लिहिलेली नव्हती. सातबारा शेतजमिनीचा. ज्या गावठाणांचं भूमापन झालं नव्हतं, तिथं घरनिहाय मालमत्ता पत्रक नव्हतं. ही उणीव भरून काढायला २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोननं गावठाणाचा नकाशा तयार होतो, मग घरोघरची चौकशी होते आणि शेवटी मालमत्ता पत्रक आणि सनद मिळते. या साखळीत सगळ्यात महत्त्वाची कडी चौकशीची, कारण त्या दिवशी जे नाव लिहिलं जातं तेच पुढच्या पिढ्यांना दिसतं. आणि आपल्या मोहल्ल्यात त्या दिवशी अर्धी घरं कुलूपबंद असतात, कारण मुलं पुण्यात, मुंबईत नाहीतर आखातात.

गावठाणाच्या बाहेर शब्द बदलतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणे जिथं प्रादेशिक योजना किंवा विकास योजना आहे, तिथं जमिनीचे विभाग ठरलेले असतात. बोलीभाषेत आपण त्यांना यलो झोन आणि ग्रीन झोन म्हणतो. पिवळा म्हणजे रहिवास विभाग, हिरवा म्हणजे शेती विभाग. 'एनए' किंवा अकृषिक हा याहून वेगळा शब्द आहे. झोन सांगतो की तिथं घर बांधणं योजनेत बसतं का. अकृषिक सांगतं की महसुली दफ्तरी त्या जमिनीचा वापर शेतीवरून बदलला आहे का. एजंट "यलो झोन आहे" म्हणाला म्हणजे जमीन एनए आहे असं होत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड मध्ये तुलनेनं सोपी वाट आहे. पण तीही योजनेतल्या अटी पाळून आणि कर भरूनच.

हे सांगण्याचं कारण असं की मोहल्ला भरलाय. एका घरात तीन भावांचे तीन संसार आहेत, म्हणून तरुण मंडळी गावाबाहेर एक-दोन गुंठे घेतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पैसे आयुष्यभराच्या कमाईचे आणि कागद मात्र स्टॅम्पवरची नोटरी. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय पुरी होत नाही. साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार, खरेदीखत म्हणजे झालेली विक्री. साठेखतानं जमीन नावावर होत नाही. त्यावर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, तो शेतजमिनीचे प्रमाणापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करतो. रहिवासी भागासाठी त्यात अलीकडं सवलती आल्या आहेत. पण आपला गट त्या सवलतीत बसतो का, हे इसार देण्याआधी विचारायचं असतं, घर उभं राहिल्यावर नाही.

बांधकामाचे शब्दही अवघड नाहीत, फक्त कोणी समजावून सांगितलेले नसतात. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय: भूखंड १००० चौरस फुटांचा आणि निर्देशांक १.५ असेल, तर सगळे मजले मिळून १५०० चौरस फूट बांधता येतं. सामासिक अंतर म्हणजे भिंत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. जोतं म्हणजे पायाचा जमिनीवर दिसणारा भाग. नकाशाप्रमाणे बांधकाम चाललंय का हे जोत्याच्या टप्प्यावर तपासलं, तर चूक स्वस्तात दुरुस्त होते. गावठाणात नवं बांधकाम करताना ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची परवानगी लागते. "आपल्याच जागेत बांधतोय, कोणाला विचारायचं?" हे वाक्य मी मोहल्ल्यात लहानपणापासून ऐकत आलो आहे. जागा आपली असली तरी विचारायचं असतं.

कारण यानंतर येतात ते दोन शब्द, ज्यांची आज आपल्या प्रत्येक घरात भीती आहे: अतिक्रमण आणि अनधिकृत. बातम्यांत ते एकाच दमात उच्चारले जातात, पण ते एक नाहीत. अतिक्रमण म्हणजे जागा तुमची नाही: रस्ता, गायरान, सरकारी जमीन. अनधिकृत बांधकाम म्हणजे जागा तुमची, पण परवानगी नाही किंवा परवानगीपेक्षा जास्त बांधलंय. अनधिकृत बांधकाम नियमात बसत असेल तर शुल्क भरून नियमित करता येऊ शकतं. सरकारी जागेवरच्या १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांबाबतही, अटींसह, नियमानुकूल करण्याचं राज्याचं धोरण आहे. म्हणून नोटीस आली तर आधी वाचायचं: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, आणि दोनपैकी कोणता शब्द.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, प्रत्यक्ष म्हणणं मांडण्याची संधी, कारणांसह अंतिम आदेश, त्या आदेशानंतर पुन्हा १५ दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येत नाही, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. पण याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदी-तलावाची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. निकालाचा पहिला भाग आपण भरपूर शेअर केला. दुसरा भाग वाचून आपली ओटी रस्त्यावर किती फूट आली आहे, हे किती जणांनी मोजलं?

अन्याय होत नाही असं मी म्हणत नाही. एकाच गल्लीतल्या दहा अनधिकृत ओट्यांपैकी नेमकी एकच कोणाला दिसते, हे आपण पाहतो आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ज्याचा कागद स्वच्छ आहे त्याचा आवाज चढा असतो. आणि हा प्रश्न केवळ मोहल्ल्याचा नाही. गायरानावर राहणारं दलित कुटुंब, पालातून पक्क्या घरात आलेलं भटक्या जमातीचं कुटुंब, यांच्याही हातात तीच घरपट्टीची पावती आहे. ग्रामसभेत त्यांच्याशेजारी बसून हा विषय मांडला, तर तो गावाचा विषय होतो.

आता घरातलं बोलतो, कारण ते टाळून हा लेख खरा होणार नाही. चौकशीच्या त्या दिवशी चाचा म्हणाले, दोघा भावांची नावं लावू. फुफीचं काय, असं मी विचारलं. अब्बा आमच्या बोलीत म्हणाले, "उसका अपनाच घर है, कौन निकालता उसे?" अब्बा मनापासून बोलत होते. आज तिला कोणी काढणार नाही. पण वीस-तीस वर्षांनी ते घर आमच्या मुलांच्या हातात असेल, आणि त्यांना फुफीच्या मुलांची नावंही नीट आठवणार नाहीत. शरियतप्रमाणे आजी-आजोबांच्या मागं दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर मुलीचा वाटा एक पंचमांश. नमाजला पहिल्या सफमध्ये उभी राहणारी माणसंही हा पंचमांश विसरतात. कधी बहिणीला जेवण आणि एक साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. कधी तिचं नावच लावत नाहीत. सातबाऱ्यावर मोठ्या भावापुढं 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहून बाकीच्यांना गायब करण्याची पद्धतही आपल्यात आली. मुस्लिम वारसा कायद्यात अशा एकत्र कुटुंबाला जागाच नाही. माणूस गेला की त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो.

चाचांचा खरा आक्षेप वेगळा होता. "म्हणजे आता घराचे तुकडे करायचे?" तिथंही एक शब्दच कामाला आला. वारस नोंद वेगळी आणि वाटणी वेगळी. वारस नोंदीनं हक्कदारांची नावं लागतात, भिंत उभी राहत नाही. हे ऐकल्यावर चाचा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "लाव." पत्रकावर तीन नावं आली. फुफीनं ते पत्रक हातात घेतलं, तिला वाचता येत नाही, तिनं विचारलं, "यात मी कुठंय?" मी बोट ठेवून दाखवलं.

वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावी, असं जमीन महसूल संहिता सांगते. आम्ही एकोणीस वर्षं घालवली. २०२५ मध्ये महसूल खात्यानं मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेतली, यावरूनच दिसतं की हा आळस फक्त आमचा नव्हता.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या ईदला गावी जाल तेव्हा शिरखुर्मा झाल्यावर पत्र्याची पेटी उघडा. कागद तीन ढिगांत लावा: कराचे, मालकीचे, बांधकामाचे. सातबारा, आठ अ आणि मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा आणि नावं ताडून पाहा. त्यात कोण गेलंय, कोण राहिलंय, बहिणींची नावं आहेत का, ते कागदावर लिहा. मग शेजारच्या घरात जा, तिथल्या आजीला विचारा, तुमची पेटी बघू का. तुम्हाला मराठी वाचता येतं आणि मोबाइल चालवता येतो. मोहल्ल्यात ही दोन्ही कामं एकत्र येणारी माणसं तुमच्याइतकी दुसरी नाहीत.