घडीचा फोन सोनगीरच्या धुळीत टिकेल का?

सोनगीरच्या एका तरुण व्यापाऱ्याने या आठवड्यात विचारलं, "भाऊ, घडीचा फोन हप्त्यावर घेऊ का? एका बाजूला बाजारभाव, दुसऱ्या बाजूला गाडीचा नकाशा, दोन्ही एकदम दिसतं." त्याची गरज खरी आहे. आठ इंचांचा पडदा खिशात मावतो, हेही खरं. तरी मी त्याला "नको" म्हणालो.

सॅमसंगचा गॅलक्सी झेड फोल्ड 7 जुलै 2025 मध्ये आला तेव्हा त्याची किंमत 1,74,999 रुपयांपासून सुरू होत होती. त्याचं मानांकन आयपी 48. यातला 8 पाण्यासाठी, 4 घन कणांसाठी. म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही, एवढीच हमी. मुंबई-आग्रा महामार्गावर उडणारी धूळ त्याहून कितीतरी बारीक असते आणि ती बिजागरीत शिरते. गूगलने 2025 च्या पिक्सेल 10 प्रो फोल्डला आयपी 68, म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण दिलं. पण किंमत तिथेही पावणेदोन लाखांच्या घरातच होती.

फोल्ड 7 ची पाच लाख घड्यांची चाचणी झाली, असं जाहिरात सांगते. ती झाली प्रयोगशाळेत, 25 अंशांना. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर जातो आणि फोन मोटारसायकलच्या हँडलला उन्हात लटकलेला असतो.

वाकणाऱ्या वस्तूचं दुखणं तांबटांच्या सोनगीरला मी काय सांगावं! तांबं ठोकत गेलं की कडक होतं. तसंच रेटलं तर चिरतं. म्हणून तांबट ते मध्येच भट्टीत लाल करून मऊ करतो आणि मग पुन्हा हातोडी धरतो. घडीच्या पडद्याला असा विसावा नाही. केसाहून पातळ काच आणि वर प्लॅस्टिकचा थर रोज त्याच रेषेत वाकतात. हंड्याला पोचा आला तर ठोकून निघतो, कल्हई उडाली तर पुन्हा होते आणि भांडं अगदीच निकामी झालं तरी मोडीचे पैसे येतात. घडीचा आतला पडदा गेला की गावातला मोबाईलवाला हात वर करतो. मग शहरातलं सेवाकेंद्र गाठायचं आणि नव्या चांगल्या फोनएवढं बिल भरायचं.

जी वस्तू तालुक्याच्या गावी दुरुस्त होत नाही, ती रोजच्या वापराची नाही. हे या सदरात मी अनेकदा लिहिलं आहे आणि दुरुस्तीची सोय होईपर्यंत लिहीत राहणार. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं. आता सुटे भाग आणि त्यांचे दर दुकानात फळ्यावर लागले पाहिजेत.

वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याने हा फोन जरूर घ्यावा. शेत, बाजार आणि रस्ता हीच ज्याची कचेरी आहे, त्याने साधा मजबूत फोन घ्यावा. घडीचाच हवा असेल, तर पैसे मोजण्याआधी आतल्या पडद्याचा दर दुकानदाराकडून लेखी घ्या.