दुकानातले रंग, घरातला पडदा

टीव्ही घेताना आपण इंच पाहतो, किंमत पाहतो, हप्ता किती बसेल तेही पाहतो. चित्र मात्र पाहतो ते दुकानात. तिथे भिंतभर संच मांडलेले, डोक्यावर लखलखीत दिवे. ज्याचे रंग अधिक भडक, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळते. म्हणून संचात 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' नावाची एक सोय असते. ती दुकानापुरती ठीक. पण पुष्कळ घरांत संच वर्षानुवर्षे तिच्यावरच चालू राहतो, आणि हळूहळू तोच रंग आपल्याला खरा वाटू लागतो.

पूर्वी असे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंग आले. त्या काळी चित्र नीट लावणे हे घरातल्या सगळ्यांचेच काम होते. एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवी, दुसरा खालून ओरडे, "आलं, आलं, आता हलवू नको!" १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागले की तर सारी आळी त्या कामाला जुंपलेली असे. आज रिमोटवर सारे काही आहे. पण 'सेटिंग' लिहिलेल्या बटणाला कुणी हात लावत नाही. बिघडले तर काय, ही भीती. खरे तर बिघडत काहीच नाही, सारे पूर्ववत करण्याची सोय त्यातच असते.

बँकेत आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहत असू. चित्राचेही तेच. नमुना समोर हवा. आमच्या आटगावात तो दाराबाहेरच आहे. श्रावणातल्या भातखाचराचा हिरवा पाहावा, आणि मग पडद्यावरचा. पडद्यावरचे शेत पोपटाच्या पिसासारखे दिसत असेल, तर चूक शेताची नाही.

करायचे ते थोडेच आहे. पहिले, 'व्हिव्हिड' सोडून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडावे. दुसरे, रंगाची छटा 'वॉर्म' ठेवावी. चित्रपट आणि कार्यक्रम तयार करणारे ज्या पांढऱ्याला प्रमाण मानतात, तो ६५०० केल्विनच्या आसपासचा असतो, आणि 'वॉर्म' त्याच्या जवळ जाते. पहिल्या दिवशी पडदा पिवळट वाटेल, पण दोन-तीन संध्याकाळींत डोळा रुळतो. मग जुने चित्र निळे होते हे कळते. तिसरे, 'ब्राइटनेस' आणि 'कॉन्ट्रास्ट'. पहिल्याने काळा ठरतो, दुसऱ्याने पांढरा. काळ्या केसांतल्या बटा दिसाव्यात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्याही. हे आपण एरवी ज्या उजेडात टीव्ही पाहतो, त्याच उजेडात करावे. चौथे, 'शार्पनेस' अगदी कमी ठेवावा. तो वाढवल्याने चित्रात नवा तपशील येत नाही, कडांना पांढरी किनार तेवढी चढते.

आता आकाराविषयी. शेजारच्या एका आजी 'श्यामची आई' पाहता पाहता नातवाला म्हणाल्या, "अरं, ही बाई येवढी जाड नव्हती रं!" आजींचे खरे होते. आचार्य अत्रे यांचा हा १९५३ चा चित्रपट जवळजवळ चारास तीन या प्रमाणातला. आजचा पडदा सोळास नऊचा. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले की प्रत्येक माणूस सुमारे एक तृतीयांशाने रुंद होतो. वनमालाबाईंचा तो सोशिक, कृश चेहरा नातवाने पाहिलाच नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात. पुस्तकालाही समास असतोच.

चालत्या चित्रातही संच ढवळाढवळ करतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. संच मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून घालतो. त्यामुळे गंभीर प्रसंगही मालिकेच्या सेटवर घडल्यासारखा गुळगुळीत दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ या नटाने ही सोय बंद करा, अशी प्रेक्षकांना जाहीर विनंती केली होती. २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, तो याच तक्रारीतून. क्रिकेटसाठी हवी तर ती सोय ठेवावी, चित्रपटासाठी काढावी.

हे सारे हौशी लोकांचे चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'तला जब्या काळा आहे, आणि त्या काळेपणाचा सल त्या गोष्टीत खोल रुतलेला आहे. भडक रंगांत तो नारिंगी होतो, थंड छटेत निळसर. मग ती गोष्ट आपण पुरती पाहिली असे म्हणता येईल का? उन्हाने रापलेला सावळा रंग हा आपल्या आसपासच्या बहुतेक माणसांचा रंग. तोच पडद्यावर खोटा दिसावा आणि आपल्याला त्याचे काही वाटू नये, हे बरे नव्हे.

आजच्या रविवारी दहा मिनिटे काढावीत. रिमोट घरातल्या पोराच्या हाती द्यावा, आणि चित्र बरोबर आले की नाही हे आजीला विचारावे. पोराला बटणे कळतात. माणसे कशी दिसतात, हे तिला ठाऊक आहे.