चिप येथे, आराखडा कोठे?

कळंबच्या शिवारात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारा शेतकरी आज मोबाइलवरून मोटार चालू करतो. त्या स्टार्टरच्या डब्यातील चिप कोठे आखली गेली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वस्तुतः मोबदल्याचा मोठा वाटा आराखडा करणाऱ्याकडे जातो. म्हणून अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तो विचारलाच पाहिजे.

आवाज, कंप, विद्युत्प्रवाह हे संकेत आकड्यांत उतरवून त्यांवर सेकंदाला लक्षावधी गुणाकार-बेरजा करणारी चिप म्हणजे अंकीय संकेत-प्रक्रियक. श्रवणयंत्रापासून मोटारीच्या नियंत्रकापर्यंत ती यंत्राच्या पोटात दडलेली असते. तिचा खरा खर्च घडणीपूर्वीचा आहे. कागदावर सापडलेली चूक खोडता येते. सिलिकॉनमध्ये उतरलेली चूक मात्र नवे साचे आणि कित्येक महिने मागते. असे असूनही पुष्कळदा आधी चिप आखली जाते आणि मग ती आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या हाती सोपविली जाते. दोघांनी पहिल्या दिवसापासून संगणकातील प्रतिकृतीवर एकत्र काम करावे, प्रत्यक्ष वापरातील कामे तिच्यावर चालवून पाहावीत आणि पुन्हा जुळविता येणाऱ्या एफपीजीए चिपवर आराखडा पारखून घ्यावा, हाच सुधारणेचा मार्ग होय.

त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत प्रारंभी खास घडविलेल्या, अमेरिकेतील वेधशाळेसाठी विकसित झालेल्या चिप एकत्र आणीत. २०१० च्या सुमारास ते काम सामान्य संगणकांच्या समूहावर आज्ञावलीने होऊ लागले. पुढे एफपीजीए आणि ग्राफिक्स प्रक्रियकांच्या जोडीने ३२ मेगाहर्ट्‌झची पट्टरुंदी ४०० पर्यंत नेली. बदलता येईल ते बदलते ठेवण्याचे हे फळ.

बुद्धीची उणीव आपल्याकडे नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरला केंद्र काढले आणि १९९८ मध्ये तेथेच 'अंकुर' हा संकेत-प्रक्रियक आखला गेला. परंतु श्रम आपले, मालकी परक्यांची, हे चित्र त्यामुळे बदलले नाही. २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. चर्चा मात्र बहुतांशी कारखान्यांचीच होते. आराखड्याची पारख शिकविणारे अध्यापक आणि प्रयोगशाळा यांचा विचार तितक्या आस्थेने होत नाही.

परदेशी चिप स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच प्रत्येक चिप येथे घडवावी, असा आग्रह नाही. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रक्रियक मुक्त आराखड्यावर उभे आहेत. त्यांच्या आधारे आपल्या तंत्रनिकेतनांनी साखर कारखान्यातील बेअरिंगचा कंप किंवा पंपाचा प्रवाह मोजणारी यंत्रे एफपीजीएवर उभी करावीत. मागणी सिद्ध झाल्यावरच सिलिकॉनचा खर्च करावा.

शेजारच्या वालचंदनगरने अग्निबाणांची कवचे घडविली. ज्या परिसराला पोलादाची पारख जमली, त्याला आराखड्याची जमणार नाही असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की आपली मुले दुसऱ्यांनी ठरविलेले आराखडे पुरे करणार, की शिवारातील गरज ओळखून स्वतः पहिली रेघ ओढणार?