गाडीवाटेने जपानकडे

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर गाडीवाट नावाचे खेडे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली एखादी परदेशी भाषा शिकविण्याचे ठरविले आणि ती कोणती असावी हे चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारले. मुलांनी जपानी निवडली. त्यांना यंत्रमानवाच्या शास्त्राची ओढ होती. शाळेजवळ ना धड पाठ्यपुस्तक होते, ना जपानीचा शिक्षक. इंटरनेटवरील चित्रफितींच्या आधारे आरंभ झाला आणि २०२० मध्ये शहरातील एका जाणकाराने विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. वृत्तपत्रांनी या उपक्रमाचे कौतुक केले. ते योग्यच होते. मात्र त्या कौतुकात आश्चर्याचा जो सूर होता तो तपासून पाहण्यासारखा आहे.

आश्चर्य वाटण्याचे कारण उघड आहे. परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीच्या पलीकडची पायरी, असा समज सुशिक्षितांत रुजला आहे. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही त्याने जपानीचे नाव कसे काढावे? निदान जपानीच्या बाबतीत तरी हा समज साफ उलटा आहे. जपानीच्या व्याकरणाशी मराठीची जितकी जवळीक आहे तितकी इंग्रजीची नाही.

अगदी पहिल्या धड्यातले वाक्य घ्यावे. ‘मी पाणी पितो’ याला जपानीत ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमास’ असे म्हणतात. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘मिझु’ म्हणजे पाणी, ‘नोमिमास’ म्हणजे पितो. आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. क्रम जसाच्या तसा. इंग्रजीत क्रियापद मध्ये घुसते, म्हणून इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मोडून पुन्हा जुळवावे लागते. प्रश्न विचारायचा झाल्यास जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडतो: ‘नोमिमास का?’ मराठीत ‘पिता का?’ अक्षरसुद्धा तेच. हा योगायोग असेल, परंतु नवशिक्याला त्याचा धीर मोठा वाटतो.

विभक्तीचेही तसेच आहे. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते. मराठीत आणि जपानीत ते नामाच्या मागून येते. ‘तोक्यो कारा क्योतो मादे’ म्हणजे तोक्योपासून क्योतोपर्यंत. ‘साकुरा नो हाना’ म्हणजे साकुराचे फूल. येथे ‘नो’ हा आपला षष्ठीचा ‘चा’, फक्त त्याला लिंग-वचनाचा जाच नाही. ‘निहोंगो गा वाकारिमास’ या वाक्यात जपानी भाषा ‘कळते’. मराठीतही ‘मला जपानी कळते’ असेच म्हणतात. ‘ताबेते मिरु’ याचा शब्दशः अर्थ ‘खाऊन पाहणे’ आणि भावार्थही तोच. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. अशा जोडक्रियापदांचे स्पष्टीकरण देताना इंग्रजी व्याकरणाला परिच्छेद खर्चावा लागतो. मराठी मुलाला एक उदाहरण पुरते.

क्रियापदाच्या बाबतीत तर जपानी मराठीहूनही सोपी आहे. जातो, जाते, जातात, जाता या सर्वांना एकच ‘इकिमास’. भूतकाळी ‘इकिमाशिता’, नकारार्थी ‘इकिमासेन’. समोरचा माणूस पाहून बोलण्याचा दर्जा बदलावा लागतो खरा. पण तू, तुम्ही, आपण यांतला फरक ज्याला घरात शिकविला आहे त्याला यात नवल वाटू नये.

म्हणून जपानी सोपी आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘वा’ आणि ‘गा’ यांतला सूक्ष्म भेद पुष्कळ काळ छळतो. माणसे, पुस्तके, पेन्सिली मोजताना संख्येला निरनिराळे प्रत्यय लागतात. लिपीचे ओझे तर सर्वांत जड. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूलाक्षरे, शिवाय नित्य वापरासाठी सरकारने नेमलेल्या २१३६ चित्रलिपी-अक्षरांची यादी. येथे मराठी कामाला येत नाही; घोटून गिरविणे हाच उपाय. तथापि त्या ४६ अक्षरांच्या मांडणीतही क, त, न, म, य, र, व असा ओळखीचा क्रम दिसतो. बौद्ध भिक्षूंनी चीनमार्गे नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाची ती खूण आहे. अजिंठ्याच्या जिल्ह्याला तरी ती परकी वाटू नये.

प्रश्न केवळ भाषेच्या गोडीचा नाही, पोटाचाही आहे. जपानची लोकसंख्या घटत आहे. कुशल कामगारांसंबंधी उभय देशांत जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. पाच वर्षांत ५० हजार कुशल व होतकरू भारतीयांनी जपानला जावे, असे उद्दिष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. या वाटेने जाणाऱ्याला सामान्यतः जपानी भाषा परीक्षेची एन-४ ही श्रेणी किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. इंग्रजीची अट नाही. इकडे बिडकीन येथील प्रकल्पासाठी टोयोटा-किर्लोस्करने राज्य सरकारशी जुलै २०२४ मध्ये सामंजस्य करार केला आहे. जपानी जाणणाऱ्याची गरज जिल्ह्यातही भासू शकेल.

अशा वेळी शिकविण्याचे माध्यम हा अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो. जपानीचे व्याकरण इंग्रजीतून समजावले की खेड्यातला विद्यार्थी एका भाषेसाठी दोन भाषांची किंमत मोजतो. त्याचा वेळ, त्याच्या बापाचा पैसा आणि बहुधा त्याचा आत्मविश्वासही त्यात खर्ची पडतो. यातून जो गळतो तो जपानीमुळे नव्हे, इंग्रजीमुळे गळतो. आणि जो अर्धवट शिकून दलालामार्फत परदेशी जातो, त्याच्यापुढे न वाचता आलेल्या करारावर सही करण्याची पाळी येते. भाषा ही कामगाराची पहिली ढाल आहे. ती उसनी असून चालत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. पहिल्या दोन श्रेणींपुरते व्याकरण मराठीशी तुलना करून सांगणारी स्वस्त पुस्तिका, जिल्हा परिषदेच्या इच्छुक शिक्षकांसाठी सुट्टीतील वर्ग, महाविद्यालयांत संध्याकाळी मराठीतून चालणारा अभ्यासक्रम, एवढ्यानेही आरंभ होईल. पुण्यात जपानीच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. तेथील अनुभवी शिक्षकांचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही.

मातृभाषा ही जगाकडे जाणाऱ्या वाटेतली धोंड आहे, असे मराठवाड्यातील मुलांच्या मनावर वर्षानुवर्षे बिंबविले गेले. गाडीवाटेच्या मुलांनी जपानी निवडली, तेव्हा या दोन भाषांचे साम्य त्यांना कोणी सांगितले नसावे. ज्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी आता शिकविण्याची रीत बदलली पाहिजे.