स्वस्त भाडे, महाग वास्तव्य

उल्हास नदी ठाण्यापाशी दुभंगते आणि तिचा एक प्रवाह वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळतो. भाईंदरहून निघालेली लोकल ही खाडी ओलांडून नायगावला थांबते. स्थानकाच्या पश्चिमेस उमेळे हे जुने गाव आहे. मिठागरांच्या आणि शेतवाड्यांच्या या परिसरात आज मुंबईचा नोकरदार भाड्याचे घर शोधत येतो. अंधेरी-बोरिवलीत संसार मांडणे आवाक्याबाहेर गेलेल्या मध्यमवर्गाला हा पट्टा आधार वाटतो, यात नवल नाही.

घर पाहताना तीन प्रश्न हमखास विचारले जातात : भाडे किती, अनामत किती आणि पाणी किती वेळ येते? ज्यावर कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून आहे, तो चौथा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे काय?

न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत वसई तालुक्याने पाहिली आहे. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी भागातील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार फेब्रुवारी २०२५ पर्यंत पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळून १७ जणांचा बळी गेला. ढिगारा मालक आणि भाडेकरू असा भेद करीत नाही. पुढे भरपाईची वेळ येते, तेव्हा मात्र भाडेकरूच्या हाती बहुधा कागदच नसतो.

वास्तविक कायदा त्याच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुदत अकरा महिन्यांची असली तरीही! नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा करार नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. तरीही 'कशाला तो खर्च?' या एका वाक्यावर विषय मिटतो.

मुख्य दोष अर्थातच अनधिकृत इमले उभारणाऱ्यांचा आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्यांचा आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात लोहमार्ग पाण्याखाली गेला आणि वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली, तेव्हा सखल भूमीचा आणि खाडीकाठाचा विसर पडल्याचे परिणाम दिसलेच होते. ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या महानगरपालिकेने अधिकृत इमारतींची प्रभागवार सूची चौकाचौकांत लावावी, ही मागणी अवाजवी नाही.

परंतु काही कर्तव्य समाजाचेही आहे. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणारे कुटुंब शेजाऱ्यांच्या लेखी 'भाडेकरूच' राहते. सोसायटीच्या सभेत त्याला स्थान नसते आणि उत्सवात त्याची आठवण केवळ वर्गणीपुरती होते. नव्याने आलेल्या अशा कुटुंबाला घेऊन कोणी नोंदणी कार्यालयात जावे, इमारतीची कागदपत्रे तपासून द्यावीत, मतदार यादीत नाव घालण्यास साहाय्य करावे. एवढे तर कोणत्याही वस्तीतील चार जाणत्या माणसांना सहज जमण्याजोगे आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्याचा इतिहास भाडेकरूची मुलेही अभिमानाने शिकतात. ती वसई आपलीही आहे, हा विश्वास त्यांना कोण देणार?

घर भाड्याचे असेल. नागरिकत्व भाड्याचे असू नये.